डावा शॉकर

अन्याय कुसुम जगदाळे यांच्यावर झाला. १९८६च्या मे महिन्यात, जयपुरात आंध्या, म्हणजे धुळीची वादळं, सुरू झाल्या त्या आठवड्यातल्या सोमवारी, आमेरच्या बँकेचं शटर वर गेल्या गेल्या. कुसुमताईंनी कुबडी टेबलाला टेकवली, खुर्ची ओढली, आणि शाखाधिकारी म्हणाले की आजपासून काउंटरवर दुसरं कुणी बसेल. तुम्ही उद्यापासून शहरातल्या मोठ्या ऑफिसात, टपाल विभागात. का, तर तुमच्याच भल्यासाठी. टपाल विभाग दुसऱ्या मजल्यावर आहे आणि त्या इमारतीला लिफ्ट नाही.

बँकेचं नाव लिहीत नाही. भीतीनं नव्हे. एक नाव छापलं की वाचणारे सुटकेचा श्वास टाकतात आणि आपापल्या ऑफिसचं दार लावून घेतात. तो आराम मला द्यायचा नाही.

त्याला काही वर्षं झाली. आता पुन्हा मे आलाय. दुपार कलली की पश्चिमेकडचं आभाळ आधी मळकट होतं, मग हळदीच्या डब्यात डोकं घातल्यासारखं सगळं पिवळं. गल्लीतल्या बायका दोरीवरचे कपडे ओढायला धावतात. कुठलंतरी दार आपटतं, कुलरच्या खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्यांवर मातीचा लेप बसतो. आंधी निघून जाते आणि पोळीचा घास दातांखाली कचकचतो. आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या लोकांना या दिवसांत खसचा वास आठवतो, कैरीचं पन्हं आठवतं. मला रॉकेल आणि जळकं तेल आठवतं. दुर्गापुऱ्यातल्या एका अंगणात लिंबाच्या झाडाखाली पसरलेली जुनी पत्रकं आठवतात आणि त्यांवर सुटा करून ठेवलेला एक शॉकर.

शॉकर म्हणजे शॉकॲब्झॉर्बर. इथले मेकॅनिक पूर्ण नाव घेत बसत नाहीत.

माझे बाबा विमा कंपनीत अधिकारी. बदली होऊन अकोल्याहून जयपूरला आले आणि दोन-तीन वर्षांत इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष झाले. त्या मे महिन्यात माझी बी.ए.ची परीक्षा नुकतीच संपली होती. पत्रकं लिहिणाऱ्या, वाटणाऱ्या मुलामुलींत मी तेव्हाच जाऊ लागले होते, आजही त्यांच्यातच आहे. त्यामुळं पहिल्या ओळीत नाव आणि दिवस, शेवटच्या ओळीत मागणी, अशी हाताला सवय लागलीये. मधल्या भागात काय लिहायचं हे मात्र मला कुसुमताईंनी शिकवलं.

त्या साताऱ्याकडच्या, आमच्या मंडळातल्याच. भाऊ सैन्यात सुभेदार, जयपूरच्या लष्करी ठाण्यावर. दुर्गापुऱ्यात दोन खोल्या भाड्यानं घेऊन भाऊ, वहिनी, भाची पिंकी आणि त्या असे राहत. डावा पाय लहानपणी पोलिओनं गेलेला, त्याला लोखंडी पट्ट्यांचा बूट. पण हातात स्कूटर असली की त्यांच्या पायाची आठवणही कुणाला होत नसे. मागं दोन्ही बाजूंना जादा चाकं बसवलेली, ब्रेक हँडलवर घेतलेला. रोज सकाळी ती स्कूटर दुर्गापुऱ्याहून निघायची, सबंध शहर ओलांडून जलमहालापाशी यायची आणि तिथून डोंगर चढून आमेरला. काउंटरवरची गर्दी त्यांच्या ओळखीची होती. भाजी विकून आलेल्या बायका दुसरी खिडकी रिकामी असली तरी यांच्याच खिडकीपुढं उभ्या राहत.

आणि एक गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती, पण कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. भावाची बदली कधीही होणार होती. कुसुमताईंची नोकरी आणि स्कूटर दोन्ही चालू असेल तर त्या जयपुरात एकट्या राहू शकत होत्या. त्यातलं एक जरी गेलं तर भावाच्या सामानाबरोबर, गाद्या आणि ट्रंकांच्या मागोमाग, तो जाईल तिथं. वहिनी वाईट नव्हत्या. पण "आमच्याबरोबर यायचंच आहे की शेवटी," हे वाक्य त्या भात वाढता वाढता म्हणायच्या आणि कुसुमताई ताटावरून नजर उचलायच्या नाहीत.

शॉकरचं काम समजल्याशिवाय पुढचं समजायचं नाही, म्हणून सांगते. बाहेर दिसते ती स्प्रिंग. तिच्या पोटात एक नळी, नळीत तेल आणि तेलातून वरखाली होणारा एक गुळगुळीत दांडा. खड्डा आला की स्प्रिंग दबते. दबलेली स्प्रिंग गप्प बसत नाही, तेवढ्याच जोरानं उसळते. ती उसळी जिरवायचं काम तेलाचं. दांडा नळीत शिरतो तिथं रबराचं एक कडं असतं, त्याला सील म्हणतात. त्यानं तेल आत धरायचं आणि धूळ बाहेर ठेवायची. जयपूरची धूळ म्हणजे नुसती माती नाही, बारीक वाळू. ती ओलसर दांड्याला चिकटते, प्रत्येक धक्क्याबरोबर सीलला घासते आणि एक दिवस तेल पाझरायला लागतं. म्हणून कुसुमताई दरवर्षी आंध्यांच्या आधी जादा चाकांचे दोन्ही शॉकर उघडून, धुऊन, नवं सील, नवं तेल घालून ठेवत.

"स्प्रिंग म्हंजे तू," त्या मला म्हणायच्या. "दाबली की उसळली. आगं, आत थोडं तेल घाल, न्हायतर शेजारच्याला पाडशील."

शॉकर जिवंत आहे की मेलाय हे बघायला मेकॅनिक लागत नाही. गाडीवर त्या बाजूला तळहात ठेवायचा, सगळा भार टाकून दाबायचं आणि सोडून द्यायचं. जिवंत असेल तर गाडी एकदाच वर येते आणि जागच्या जागी बसते. मेला असेल तर डुलत राहते.

त्या वर्षी सर्व्हिसिंग राहिलं. सीलचं दुकान शनिवारी दुपारनंतर आणि रविवारी बंद, आणि इतर दिवशी कुसुमताई आमेरहून परतेपर्यंत दुकानदार कुलूप लावून गेलेला. एप्रिलमध्ये त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा मागितली. साहेब हसले. "स्कूटर के लिए छुट्टी? कल कोई साइकिल की हवा के लिए माँगेगा।" काउंटरवरचे बाकीचेही हसले. डाव्या शॉकरवर ओल दिसायला लागली होती. कुसुमताई फडक्यानं पुसायच्या आणि जायच्या. बस त्यांच्या दारावरून जात होती, पण तिची पायरी त्यांच्या कमरेएवढी होती.

शनिवारी दुपारी बँक सुटली. आमेरचा उतार उतरताना डावं चाक एका खड्ड्यात गेलं, उसळलं, पुन्हा उसळलं, आणि स्कूटर डावीकडं कलंडून दगडी कठड्याला घासत थांबली. कोपर सोललं. बाकी काही नाही. पण पाय डावा, पडल्या त्या डावीकडं, एवढं सगळ्यांना पुरलं. सोमवारी साहेबांनी स्कूटरकडं ढुंकूनही बघितलं नाही. तपासायची होती गाडी. त्यांनी पाय तपासला.

माणसाच्या शरीरात काही कमी असलं की त्याच्या बाबतीतला सगळा हिशोब तिथूनच सुरू होतो. आमच्या बाबांची स्कूटर ब्रेकच्या केबलमुळं घसरली तेव्हा कुणी त्यांच्या चष्म्याचा नंबर विचारला नव्हता.

कुसुमताईंनी मग जे केलं ते मला त्या वेळी निव्वळ हट्टीपणा वाटलं. त्यांनी शॉकर दुरुस्त करायला नकार दिला. स्टेशनजवळचे रामजीलाल मिस्त्री घरी येऊन बघून गेले आणि म्हणाले, "बहनजी, रॉड डालकर पक्का वेल्ड कर देता हूँ। न स्प्रिंग, न तेल, झंझट खतम।"

"आणि माझ्या मणक्याचं झंझट सुरू," कुसुमताई म्हणाल्या. मग त्यांना कळेल असं हिंदीत, "भैया, इसको कोई हाथ नहीं लगाएगा। ये सबूत है।"

"कसला सबूत, आत्या?" पिंकी.

"मी न्हाय पडले, हे पडलं, ह्याचा."

तिढा असा होता की शॉकर नीट केला तर पुरावा संपला, आणि नाही केला तर गाडी उभी. गाडी उभी म्हणजे त्या परावलंबी, म्हणजे साहेबांचंच म्हणणं खरं. सकाळी भाऊ मोटारसायकलवरून मोठ्या ऑफिसशी सोडायचे. दोन मजले चढताना कुसुमताई मधल्या वळणावर थांबून कठडा धरायच्या. मी एकदा त्यांच्याबरोबर चढले. वरून फायली घेऊन उतरणारा एक शिपाई त्यांना वाट देताना म्हणाला, "आराम से, माताजी।" त्या चौतीस वर्षांच्या होत्या. वर पोचल्यावर मला म्हणाल्या, "ह्या जिन्यापेक्षा आमेरचा डोंगर बरा. तिथं चढताना निदान वारा लागतो."

भाऊ संध्याकाळी बाजेवर बसून म्हणायचे, "कुसुम, पुरे झालं. घरी बस. मी आहे ना."

"तू आहेस म्हणून तर बसत न्हाय," त्या म्हणायच्या.

मी पत्रक लिहायला घेतलं होतं. ते पुरं होण्याआधीच बाबांनी वेगळं काहीतरी ठरवलं.

बाबांचा स्वभाव गोड आहे. भांडण दिसलं की ते त्यावर शाल पांघरतात. मंडळाचा उन्हाळी स्नेहमेळावा जवळ आला होता, आमरसाचा. त्यात कुसुम जगदाळे यांचा त्यांच्या जिद्दीबद्दल जाहीर सत्कार करायचा. शाल, श्रीफळ. आणि प्रमुख पाहुणे म्हणून, त्यांच्याच हस्ते, बँकेचे शाखाधिकारी.

"बाबा, ज्यानं खुर्ची काढून घेतली त्याच्या हातून शाल?"

"मग काय त्याच्या घरापुढे घोषणा देऊ?" बाबा शांतपणे पेपरची घडी घालत म्हणाले. "कौतुकच करून राहिलो ना तिचं? माणूस स्टेजवर आला की मऊ होते, मिने. मग हळूच बोलता येते."

"सत्कार म्हणजे काय माहितीये का? आता तुमचं संपलं, याची पावती."

"तू पत्रकातलं बोलून राहिली."

मला वाटलं कुसुमताई नाही म्हणतील. त्यांनी ऐकून घेतलं, बशीतला चहा संपवला आणि म्हणाल्या, "येते की, काका. साहेब नक्की येणार ना?"

"नक्की येणार. कबूल केलंय."

"मग मी गाडीपण आणते."

"वा, वा," बाबा म्हणाले. त्यांना वाटलं, फोटोसाठी.

रामजीलाल मिस्त्रींच्या टेम्पोत घालून स्कूटर एका शाळेच्या हॉलबाहेर उतरवली. उन्हं कलली होती, आंधीनंतरचं आभाळ धुतल्यासारखं होतं आणि पटांगणात वाळूच्या बारीक लाटा उठल्या होत्या. आत पंखे गरगरत होते. पडद्यावर थर्मोकोलची अक्षरं होती, 'जिद्दीला सलाम'. मागच्या खोलीतून आमरसाचा वास येत होता, त्यामुळं भाषणांकडं कुणाचं लक्ष नव्हतं. साहेब छान बोलले. बहनजी आमच्यासाठी प्रेरणा आहेत, तक्रार त्यांच्या तोंडून कधी ऐकली नाही. बाबांनी टाळ्या सुरू केल्या. साहेबांनी शाल उघडली.

कुसुमताईंनी माईक खाली ओढला. "शाल घेते," त्या म्हणाल्या. "पण आधी दोन मिनिटं साहेबांनी बाहेर यावं. सगळ्यांनीच यावं. आमरसाच्या आधी."

सगळे उठले. फोटो असणार म्हणून बायकांनी पदर सारखे केले. साहेबांच्या हातात उघडलेली शाल होती, ती तशीच घेऊन तेही पायऱ्या उतरले. स्कूटर मधोमध उभी होती.

"काका, तुम्ही उजव्या चाकावरचा पत्रा दाबा," कुसुमताई बाबांना म्हणाल्या. "भार टाकून. आता सोडा."

बाबांनी दाबलं, सोडलं. गाडी एकदा वर आली आणि बसली.

"सर, आप बायीं तरफ दबाइए।"

साहेब हसले, शाल बाबांच्या खांद्यावर टाकली आणि एका हातानं दाबलं. डावी बाजू कसलाही विरोध न करता खाली गेली. सोडल्यावर वर आली, पुन्हा खाली, पुन्हा वर. स्कूटर मान डोलावत राहिली. रस्त्यावर काय होत असेल ते सांगायची गरज नव्हती.

"आमच्या मंडळाच्या मीटिंगवानी," वहिनी मागून म्हणाल्या. "सगळ्याला हो, हो, हो." पहिला हशा तिथं पिकला. वहिनी नणंदेच्या बाजूनं काही बोलल्याचं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

साहेब हसले नाहीत. तळहाताला काळं तेल लागलं होतं. रुमालानं पुसत त्यांनी जो प्रश्न विचारला तो वाजवी होता, हे मला मान्य आहे. "आपको मालूम था कि खराब है। फिर चलाई क्यों?"

"मालूम था, सर," कुसुमताई म्हणाल्या. "इसीलिए अप्रैल में आधे दिन की छुट्टी माँगी थी। आपने पूछा था, स्कूटर के लिए छुट्टी?"

साहेब रुमालाकडं बघत राहिले. तेल पुसलं जात नव्हतं, पसरत होतं. बाबांच्या खांद्यावर शाल होती आणि हातात नारळ, त्यामुळं सत्कार त्यांचाच चालल्यासारखं दिसत होतं. शेवटी साहेब म्हणाले, "मैं देखता हूँ," आणि आमरस न घेता गेले.

घरी जेवायला बसल्यावर बाबा म्हणाले, "मी त्याला बोलावलं नसतं तर हे कुणी दाबलं असतं?"

पुढच्या रविवारी अंगणात शॉकर उघडला. सील मी आणून ठेवलं होतं. लिंबाखाली मी आधीची उरलेली जुनी पत्रकं पसरली, कोरी बाजू वर. रामजीलाल मिस्त्रींकडून शिकंजा आणला होता. स्प्रिंग आवळून धरायला जोर लागतो आणि हातातून निसटली तर दात पाडते. शिकंजा कुणी फिरवायचा याची चर्चा चालू असतानाच भाऊ उठले, बनियनवर खाली बसले आणि फिरवू लागले. स्प्रिंग निघाली. नळीचं झाकण सुटलं. नळी उपडी केल्यावर आतून चमचाभर काळं पाणी आलं, जळक्या भाजीसारखा वास असलेलं.

"एवढ्यावर डोंगर उतरत होतीस?" भाऊ म्हणाले.

"एवढ्यावर," कुसुमताई म्हणाल्या.

त्यांनी नळी रॉकेलनं धुतली, फडकं घालून पुसली, पुन्हा धुतली. दांड्यावरून नख फिरवलं. नखाला ओरखडा लागला असता तर दांडा बाद. नख कुठं अडकलं नाही. नव्या सीलला तेलाचं बोट लावून ते दोन अंगठ्यांनी आत बसवलं, न पिळता, कारण पिळलेलं सील पहिल्याच आंधीत फाटतं. मग तेल. गळ्यापर्यंत भरायचं नाही, वर थोडी मोकळी जागा ठेवायची, नाहीतर उन्हात तेल फुगतं आणि सीललाच बाहेर ढकलतं. दांडा अगदी सावकाश वरखाली करत त्यांनी आतली हवा काढली. सुरुवातीला बुडबुड आवाज येत होता. तो थांबला आणि दांड्याला एक संथ, जड ओढ आली. त्यांनी दांडा माझ्या हातात दिला. "बघ. राग हाय, पण जिरवलेला."

सगळं जागेवर चढल्यावर भाऊंनी डाव्या बाजूवर हात ठेवला आणि सगळा भार टाकून दाबलं. गाडी एकदा वर आली आणि बसली. मग ते आत जाऊन वहिनींना म्हणाले, "चहा टाक. तिच्यासाठीपण." घरी बस, हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही.

पाऊस सुरू झाल्यावर आदेश आला. कुसुम जगदाळे यांना आमेरच्या काउंटरवर परत. खाली एक अट होती. दरवर्षी मे महिन्याच्या आत वाहन सुस्थितीत असल्याचा मेकॅनिकचा दाखला द्यावा. अट फक्त त्यांना. त्या शाखेत स्कूटरवरून येणारे बाकीचे सगळे दोन पायांचे होते, म्हणून त्यांच्या गाड्या आपोआप सुस्थितीत.

त्याच हिवाळ्यात भावाची बदली झाली. गाद्या गेल्या, ट्रंका गेल्या, पिंकी रडत गेली. कुसुमताई दोन खोल्यांत राहिल्या. आजही आहेत. एवढं त्यांनी जिंकलं आणि ते थोडं नाही. सकाळी दुर्गापुऱ्याच्या रस्त्यानं ती स्कूटर जाताना मला दिसते, खड्ड्यावर एकदा वर येऊन बसते, आणि बरं वाटतं. मग दाखला आठवतो आणि ते बरं वाटणं टिकत नाही.

या आठवड्यात त्यांच्याकडं गेले तेव्हा लिंबाखाली रॉकेलचा वास होता. मी विचारलं, "ताई, अट मोडायची नाही का?"

"सर्व्हिसिंग तर मी मरेपर्यंत करीन," त्या फडकं पिळत म्हणाल्या. "ते माझ्या जिवासाठी. पण दाखला माझ्या पायाचा मागतात, गाडीचा न्हाय." मग हसल्या. "परवा नव्या साहेबांची स्कूटर उभी होती बँकेपुढं. येताजाता सीट दाबून बघितली."

"मग?"

"कवाच मेलाय. डुलतोय नुसता. त्यांना कोण इचारणार?"

म्हणून हे तुम्हाला. उद्या सकाळी ऑफिसच्या बाहेर ज्या स्कूटरी उभ्या असतील त्यांतल्या प्रत्येकीच्या सीटवर हात ठेवा आणि दाबा. सुरुवात स्वतःच्या गाडीपासून करा, मग साहेबांची. किती डुलतात ते बघा. मग आत जा आणि विचारा की इथं गाडीचा दाखला कुणाकुणाकडून घेतात. तुमच्या ऑफिसात एखादी कुसुम जगदाळे असेलच, आणि तिच्या एकटीकडूनच घेत असतील. सगळ्यांकडून घ्या, नाहीतर तिच्याकडून घेणं याच महिन्यात बंद करा, असं कागदावर लिहा. खाली स्वतःची सही करा आणि दुपारच्या आत तो कागद साहेबांच्या टेबलावर ठेवा. शाल नेऊ नका.